मॅडम, तो हात तुम्ही धरलात

मॅडम, तुम्ही माझ्या खांद्याचं ऑपरेशन केलंत, डिस्चार्जच्या दिवशीच थँक्यू म्हणायचं होतं, पण घसा दाटून आला आणि मी "गोळी जेवणानंतर ना?" एवढंच विचारून निघालो. त्याला आता सात महिने झाले, म्हणून लिहूनच टाकतो.

खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा मी 19 चा होतो. हँडबॉलची मॅच, थ्रो मारायला हात मागे नेला आणि कुणीतरी मागून ओढला. बसवला, काही दिवस गळ्यात अडकवला, झालं. नंतर अजून पाच वेळा निखळला, शेवटच्या वेळी तर झोपेत कूस बदलताना! आधीचे डॉक्टर दरवेळी एकच सांगायचे, व्यायाम करा. व्यायाम वाईट नाही हो, पण एवढ्या लहान वयात, असल्या धक्काबुक्कीच्या खेळात एकदा निखळलेला खांदा परत निखळायची शक्यता खूप जास्त असते हे पहिल्याच वेळी कुणी सांगायला नको का? आणि आमचे कोच... "तुझ्या मनात भीती बसलीये." जाऊ दे.

तुम्ही माझा हात वर करून हळूहळू मागे वळवलात तेव्हा बघत होतात माझ्या तोंडाकडे, आणि मी दचकलो तिथेच थांबलात. म्हणालात, भीती खरीच आहे, खांदा सांगतोय की मी सटकतोय. मग सीटी स्कॅन दाखवून समजावलंत की खांद्याच्या बशीची, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा बसतो त्या खोबणीची, कड झिजलीये, नुसतं फाटलेलं लेब्रम (त्या कडेभोवतीची कूर्चेची रिंग) शिवून भागणार नाही, शेजारचा हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूसकट तिथे स्क्रूने बसवावा लागेल, लॅटारजे नावाचं ऑपरेशन. वर हसून म्हणालात, आयडिया माझी नाही, 1954 ची आहे, एका फ्रेंच सर्जनची.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. ऑपरेशन थिएटरमध्ये मला टेबलावर घेतलं आणि कुणीतरी तयारीसाठी तोच हात उचलायला आलं, मी घाबरून अंग चोरलं, बोलायलाही सुचेना. तुम्ही लांबून म्हणालात, "तो झोपेपर्यंत त्या हाताला कुणी हात लावायचा नाही." आणि येऊन स्वतः माझं कोपर तळहातावर तोलून उभ्या राहिलात, भूल चढेपर्यंत. तुमचा हात गार होता. ऑपरेशन कुशल माणूस करतोच, त्याचीच फी असते, पण हे बिलात कुठे लिहिलेलं असतं? असं वागणारी माणसं भेटली की आधीच्यांवरचा रागसुद्धा थोडा उतरतो (थोडाच).

फिजिओ अजून चालू आहे, मागच्या महिन्यापासून थ्रो टाकतोय. परवा प्रॅक्टिसहून आलो, घामेजलेला टी-शर्ट ओढून बादलीत टाकला आणि मग एकदम लक्षात आलं, दोन्ही हात वर करून काढला होता.