ठासणीच्या बंदुकीचा डावा घोडा

नाशिक, श्रावण

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

मामांकडून आलेल्या दुनळी बंदुकीची चौकशी करताना तू 'दोन्ही घोडे एकसारखे नवे करून टाक' असा सल्ला दिलास. तो मी मानणार नाही, आणि त्याची कारणे सविस्तर लिहितो.

बंदूक परवान्यावर नोंदलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, म्हणून लॉक (चाप ओढताच घोडा खाली आपटवणारी यंत्रणा) व नळ्यांचे काम परवानाधारक कारागिराकडे आणि लाकूडकाम माझ्याकडे, अशी वाटणी केली. कारागिराने आधी प्रत्येक नळीत गज तळापर्यंत सोडला, तोंडाशी खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. गजाचे टोक मागच्या खुंटीपर्यंत, म्हणजे जिच्यावर स्फोटक टोपी बसवतात आणि घोडा आपटतो तिथपर्यंत, पोहोचले नाही, तर आत जुना बार ठासलेला आहे असे समजायचे. आमच्या नळ्या रिकाम्या निघाल्या.

पाचर काढली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात. त्यांच्या खालच्या अंगाला मुकुटाखाली परस्परांना छेदणारे दोन राजदंड, म्हणजे १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का, आणि १४ हा आकडा आहे. एक पौंड शिशाच्या चौदा सारख्या गोळ्या पाडल्या, तर एका गोळीचा जो व्यास, तोच या नळीचा, सुमारे १७.६ मिलिमीटर. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून घणाने सांधलेल्या या नळ्यांवर पिळाची नक्षी अजून पुसट दिसते. काचकागद लावला असता, तर ती गेली असती. म्हणून रॉकेल आणि मऊ पितळी तारेवरच भागवले.

नळ्या विलायती असल्या तरी दस्ता अक्रोडाचा नसून शिसवाचा आहे. चापाभोवतीचे कडे पितळी असून त्यावरची ठोकणी आपल्या भांडीबाजारातल्या घागरींवर असते तशी आहे. ते कडे इथेच घडवले असावे, असा माझा समज आहे. उजव्या लॉकच्या पट्टीवर वेलबुट्टी आहे, तर डावी पट्टी कोरी आणि शेपटाकडे निमुळती आहे. उजवे लॉक डावीकडे बसत नाही, कारण दोन्ही एकमेकांची प्रतिबिंबे असतात. म्हणून कोणा जुन्या कारागिराने दुसऱ्या बंदुकीचे डावे लॉक आणले, त्यासाठी लाकूड कोरले आणि उरलेल्या फटीत लाख भरली. घोडा तर तिसऱ्याच बंदुकीचा! लॉकवर बसवायचे त्याचे चौकोनी भोक मोठे पडले, म्हणून त्यात पितळेचा पत्रा सारलेला आहे. फुटलेल्या टोपीचे तुकडे डोळ्यांकडे उडू नयेत म्हणून घोड्याच्या तोंडाला खळगा ठेवतात. इथे तो खळगा खुंटीच्या माथ्यावर न बसता कडेवर आपटतो.

ही बंदूक मला उडवायची असती, तर तुझे म्हणणे बरोबर ठरले असते. ती उडवायची नाही. मग उजव्या घोड्याची उलटी नक्कल ओतून बसवली, तर उद्या पाहणारा तिला मूळची जोडी समजेल, आणि तो पितळी पत्रा सारणाऱ्या माणसाचे कसब मात्र भंगारात जाईल. ती जुळणी विजोड असली, तरी विचारपूर्वक केलेली आहे.

हा मान मी डाव्या लॉकच्या आडव्या स्क्रूला देणार नाही. अलीकडच्या काळात कोणीतरी तिथे बाजारातला जाडा बोल्ट ठोकून लाकूड तडकवले आहे. इंग्रज अभियंता व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूंना एकसारखे आटे पाडण्याची सूचना केली, परंतु बंदूककार आपापलेच आटे पाडत राहिले. त्यामुळे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जगातले सगळे आटे मिळतील, एवढे आटे सोडून. कारागीर तो स्क्रू हाताने करून देणार आहे. तड मी सरसाने सांधली आणि दस्त्याला जवसाचे तेल अगदी पातळ हाताने दिले. पावसाळ्यात बंदूक पिशवीत ठेवत नाही, कारण कापड ओल धरते. स्प्रिंगांवर ताण राहू नये म्हणून दोन्ही घोडे खाली सोडलेले असतात.

स्क्रू दसऱ्यापूर्वी मिळेल. खंडेनवमीला वहिनींना घेऊन अवश्य ये. पूजा होईल, पण हळदकुंकू दस्त्यासमोरच्या पाटावर वाहायचे. नळ्यांना ओले बोट लागू देणार नाही.

तुझा,
बाळू