जुन्या काँक्रीट इमारतींना काचेचे वेष्टन नको

महोदय,

खान्देशातील जुन्या शासकीय कचेऱ्या आणि महाविद्यालये ‘कालबाह्य’ ठरवून त्यांच्या दर्शनी भागावर काच आणि ॲल्युमिनियमचे पत्रे चढवण्याची टूम सध्या निघाली आहे. ती वेळीच थांबावी, एवढ्यासाठी हे पत्र.

स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक वास्तुरचनेने काँक्रीट स्वीकारताना आपल्याकडच्या उन्हाचा विचार सोडला नव्हता. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडच्या उच्च न्यायालयावर हवा खेळेल असे दुहेरी छप्पर घातले आणि दर्शनी भागाला काँक्रीटचे खोल उन्हरोधक दिले. मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी आयआयटी कानपूरच्या इमारती आच्छादित मार्गांनी जोडल्या. आपल्याकडील कचेऱ्यांचे रुंद व्हरांडे, पुढे आलेले छज्जे आणि सिमेंटच्या जाळ्या याच विचारातल्या आहेत, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा त्यांचे मोल कळते. अशा हवेत पश्चिमेला काचेची भिंत उभारणे म्हणजे वातानुकूलनाचे बिल कायमचे मागे लावून घेणे होय.

इमारत गळते, प्लास्टर पडते, ही तक्रार खरी आहे. पण तो दोष शैलीचा नाही, देखभालीचा आहे. एका कचेरीत मी मुद्दाम निरखून पाहिले. जाळीला आतून प्लायवूड ठोकलेले, तिच्यातूनच एसीची नळी बाहेर काढलेली, आणि जिथे ते पाणी वर्षानुवर्षे ठिबकते नेमक्या त्याच जागी छज्जा फुटून गंजलेली सळई उघडी पडलेली. चार हात पलीकडे तोच छज्जा धडधाकट आहे. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. त्यावर पत्रे चढवले की गंज दिसेनासा होतो, थांबत मात्र नाही.

वास्तुविशारद राज रेवल यांचे दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचे प्रदर्शन-दालन २०१७ मध्ये पाडले गेले, ते आता परत येणार नाही. अहमदाबादच्या आयआयएममधील वास्तुविशारद लुई कान यांनी रचलेली वसतिगृहे पाडण्याचा २०२० चा प्रस्ताव मात्र जगभरातून विरोध होताच काही दिवसांत मागे घ्यावा लागला होता.

तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाने नूतनीकरणाची निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून त्याचा अहवाल मराठीतून जाहीर करावा, आणि दुरुस्तीचा व पत्रे चढवण्याचा खर्च, विजेच्या बिलासह, त्यात शेजारी शेजारी मांडावा, ही विनंती.

— एक वाचक, जळगाव