बाबा, पाखरं ऐदी होत नाहीत

प्रिय बाबा आणि आई,

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात ना की रोज आयतं खायला घालून तू त्या पाखरांना ऐदी करून ठेवशील आणि मग महिनाभर नाशिकला आलीस की ती बिचारी काय खातील, तर ते माझ्या डोक्यातून जातच नव्हतं. म्हणून जरा वाचलं, रोज बघतेय ते तर आहेच, आणि फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही म्हणून लिहितेच.

इकडे मिशिगनमध्ये सध्या सगळं बर्फाखाली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दोन फीडर, म्हणजे पाखरांसाठी दाणे भरून ठेवायची भांडी, टांगलेत, एकात काळ्या सालीचं सूर्यफूल आणि दुसऱ्यात चक्क कारळे! आई, तू चटणीला घेतेस ना, तेच. इथे ते पक्ष्यांचं खाणं म्हणून पिशव्या भरभरून मिळतात, येतात भारतातून आणि इथिओपियातून, आणि त्यात मिसळलेलं तणाचं बी इकडे उगवू नये म्हणून आधी तापवून घ्यावे लागतात. पावसाळा संपता संपता इगतपुरी-त्र्यंबककडे खुरासणीची, म्हणजे याच कारळ्यांची, पिवळीधमक शेतं दिसतात, त्याचे दाणे इथल्या गोल्डफिंच नावाच्या पाखराच्या पोटात जातात याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

हा गोल्डफिंच उन्हाळ्यात पिवळाजर्द असतो, आत्ता थंडीत मळकट झालाय. तो एकदा दांडीवर बसला की उठत नाही, तिथेच बसून दाणा सोलायचा, साल खाली टाकायची, पुढचा घ्यायचा. आणि जवळजवळ पूर्ण शाकाहारी बरं का. दाणे खाणारे बाकीचे बरेच पक्षी पिल्लांना तरी अळ्या-किडे भरवतात, हा पिल्लांनाही बियाच भरवतो, त्यामुळे घरटंसुद्धा उशिरा, जून-जुलैत, रानातली काटेरी झुडपं बियांवर आली की मगच.

चिकडी म्हणून दुसरं एक पाखरू येतं, तिचं तंत्र अगदी वेगळं. एवढासा जीव, वजन जेमतेम ११-१२ ग्रॅम, डोकं काळं, गाल पांढरे. येते, एकच दाणा उचलते आणि लगेच झाडावर. तिथे फांदीवर दाणा दोन्ही पायांत दाबून धरते आणि चोचीने ठकठक ठोकून साल फोडते, आतला गर थोडा थोडा खाते, मग परत फीडरवर. पण प्रत्येक दाणा खातेच असं नाही, कितीतरी दाणे झाडाच्या सालीच्या फटीत खुपसून ठेवते, एका जागी एकच, आणि कुठे ठेवलेत ते तिच्या नंतरही लक्षात राहतं. रात्री तर चरबी पुरवायची म्हणून अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणते!

तर आता तुमचा प्रश्न. विस्कॉन्सिनमध्ये १९८० च्या दशकात या चिकडींवरच अभ्यास झालाय. फीडर होते तिथल्या ६९ टक्के चिकडी हिवाळा काढू शकल्या, नव्हते तिथल्या फक्त ३७ टक्के, आणि हा फरक मुख्यतः अगदी कडाक्याच्या थंडीच्या दिवसांतला. मग त्यांनी नेमकं तुम्ही म्हणता तेच करून बघितलं, जिथे वर्षानुवर्षं दाणे मिळत होते तिथले फीडर काढून टाकले, आणि तरी तिथल्या चिकडी कधीच फीडर न बघितलेल्या चिकडींइतक्याच जगल्या. कारण फीडरवरून त्या रोजच्या गरजेच्या साधारण पाचवा हिस्साच घेतात, बाकीचं रानातून शोधून खातात. मी बघते तेही तसंच आहे, दाणे समोर असताना त्या शेजारच्या मेपलच्या सालीत किडे धुंडाळत असतात.

मला खरी काळजी ऐदीपणाची नाही, घाणीची वाटते. एकाच ताटात सगळे जेवणार म्हटल्यावर रोग पसरणारच. हाउस फिंच नावाच्या पाखराला डोळे सुजण्याचा एक रोग होतो, १९९४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या आसपास पहिल्यांदा दिसला आणि मग काही वर्षांत पूर्वेकडे सगळीकडे पसरला. डोळे चिकटलेलं पाखरू फीडरवर नुसतं बसून राहतं, माणूस जवळ गेला तरी उडत नाही, बघवत नाही ते. म्हणून मी एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं करून फीडर धुते, खळखळून विसळून पूर्ण वाळल्यावरच दाणे भरते, आणि आजारी पाखरू दिसलं तर काही दिवस फीडर उतरवूनच ठेवायचे.

ब्लू जे या पक्ष्याबद्दल लिहायचं राहिलंच, तो घशातल्या पिशवीत दाणे कोंबून कोंबून भरतो आणि एकदम घेऊन जातो, कधी कधी ससाण्याचा आवाज काढतो आणि बाकीचे सगळे पसार.

बाबा, गच्चीवर तुम्ही पाण्याचं भांडं ठेवता ते उन्हाळ्यात रोज घासून पाणी बदला हं, नुसती वरून भर घालू नका. आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, इथे १९९८ पासून चालू आहे आणि २०१३ पासून भारतातूनही करता येतं. पंधरा मिनिटं गच्चीत बसायचं, दिसतील तेवढ्या साळुंक्या, बुलबुल, होले, चिमण्या लिहून मोबाईलवर टाकायच्या. ॲप कसं टाकायचं ते व्हिडिओ कॉलवर दाखवते, यंदा नक्की करा, मला तुमची यादी बघायचीय.

आईला नमस्कार, आजीच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची,
मनू