मोबाईलच्या तबल्यावर संगीतात एम.ए.: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी एम.ए. संगीत (गायन) दुसऱ्या वर्षाला आहे. परवा प्रात्यक्षिक परीक्षेत मारवा रागातला बडा ख्याल मोबाईलमधल्या तबल्यावर गायले. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल. तिसऱ्या आवर्तनात आईचा फोन आला आणि ठेका बंद पडला. मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, ओठांवर आणि ती जिथे येऊन मिळायची ती सम, तालाची पहिली मात्राच गायब. परीक्षकांनी मान खाली घातली. मला तिथेच रडू फुटलं.

प्रवेश घेताना सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत तबल्याचा साथीदार नेमू. दोन दिवाळ्या गेल्या. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं कुणी प्रयोगशाळेला कुलूप लावून घेतं का? विलंबितात तबलजी गाणाऱ्याचा श्वास ओळखून लय सांभाळतो, मोबाईल नुसता मोजत राहतो.

आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. नेट, पीएच.डी. सगळं झालेलं. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही. वर्षानुवर्षं कायम जागा भरायच्या नाहीत आणि अशा माणसांवर विद्यापीठं चालवायची, ही काय रीत झाली? विभागात चार तानपुरे, त्यातला एकच सुरात लागतो, त्याचीही जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घडण, गेलेली. पन्नास मिनिटांच्या तासातली पंधरा तो जुळवण्यात जातात. आम्ही अकरा जणी. म्हणजे एकीच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं तालीम! तीन मिनिटांत मारव्याचा रिषभ लागत नाही हो साहेब.

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच राज्यात हे चाललंय. कुरुंदवाडच्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागसंगीतावरचा आपला ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या तसबिरी विभागाच्या भिंतीवर आहेत आणि खाली खरजाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराला, साधी तार बांधलेला तानपुरा.

मी पहाटे पाच-चाळीसच्या एसटीने निघते. वसतिगृह सोडलं, कारण तिथे रियाज केला की तक्रार व्हायची. आता शेतातल्या मोटारीच्या खोलीत खरज लावते. संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेऊन फी भरते. काका विचारतात, गाण्यात एम.ए. करून पुढे काय? माझ्या तालुक्यातल्या एकाही शाळेत मी संगीत शिक्षक पाहिलेला नाही. काय सांगू त्यांना? शाळेत गाणं नको, विद्यापीठात शिक्षक नको, मग पदवी कशासाठी ठेवलीत?

साथीदाराची आणि शिक्षकांची पदं येत्या जूनपूर्वी भरा. माझ्यासाठी उशीर झालाय, मागच्या मुलींना तरी मिळू दे.

२४ तारखेला आमचं मंचप्रदर्शन आहे. मॅडम पदरमोड करून तबलजी आणणार आहेत. त्यांचं चार महिन्यांचं मानधन अजून थकलेलं आहे. तबलजीचे पैसे त्यांनी का भरायचे, एवढं तरी उत्तर द्या.

आपली,
एम.ए. गायनाची एक विद्यार्थिनी