रंगीत नकाशासोबत रंगांचा त्रिकोणही मागा

महोदय,
सांगली-मिरजेच्या उद्योजकांनी धातूतील स्फटिकदिशांचा रंगीत नकाशा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील ईबीएसडी तपासणीतून मिळणारा) करून घेताना सोबत रंगांचा त्रिकोण (कोणता रंग कोणती स्फटिकदिशा दाखवतो याची किल्ली) आणि संदर्भदिशा (नमुना ज्या दिशेने पाहिला ती) मागूनच घ्यावी. पोलाद, ॲल्युमिनियमसारख्या घनाकृती रचनेत रूढ रंग लाल ००१ (घनाच्या कडेची दिशा), हिरवा १०१ (घनाच्या पृष्ठाच्या कर्णाची), निळा १११ (घनाच्या आरपार कर्णाची). पण कोणत्या दिशेने पाहिले हे लिहिलेच नसेल तर नकाशा मुका. शेजारचे दोन ग्रेन (धातूतील स्फटिककण) सारखेच लाल दिसले, तरी संदर्भदिशेभोवती एकमेकांच्या तुलनेत ३० अंशांनी फिरलेले असू शकतात. म्हणून ग्रेनच्या सीमा वेगळ्या रेषेने दाखवाव्यात.

नकाशावर काळे ठिपके (दिशा ओळखता न आलेल्या जागा) आले की दोष बहुधा पॉलिशचा. नमुना ७० अंश कलता ठेवला, तरी ओरखड्यांखालचा विकृत थर किकुची पट्टे (ज्यांवरून स्फटिकदिशा ओळखली जाते ते इलेक्ट्रॉन-प्रतिमेतील पट्टे) पुसट करतो. शेवटचे पॉलिश कोलॉइडल सिलिकाने (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवाने) करावे. ठिपके सॉफ्टवेअरने भरून झाकू नयेत.

— धातुपरीक्षण क्षेत्रातील एक वाचक, सांगली