लॅमिंग्टन रोडवरच्या दादांना, मनापासून

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण त्या दिवशी काउंटरवरून नुसतं "थँक्यू" म्हणून निघालो, ते मनाला लागून राहिलंय.

आमच्या घरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, फाईल साठवायच्या डिस्कच्या डब्यात, बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट आहेत, डिजिटल करून ठेवलेल्या. लालबागच्या चाळीतल्या एकादशीच्या रात्री. बाबा गेले, मंडळ पांगलं, मागे उरलं ते एवढंच. २ टीबीच्या दोन डिस्क, जे एकीत तेच दुसरीत. जागा संपली म्हणून ८ टीबीच्या दोन घ्यायचं ठरलं आणि तिथून आमची फरफट सुरू झाली.

एका दुकानात नॅससाठी म्हणून एसएमआर डिस्क पुढे केली. कौलांसारखे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले, एक पुसून लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रीबिल्डला, म्हणजे बदललेल्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा उतरवताना, अशी डिस्क रखडते, कधी नॅस तिला नादुरुस्त समजून बाहेरच काढतो. २०२० मध्ये नॅसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, तेव्हा जगभर बोंब झाली होती. हे विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्या सारख्याच असतात हो."

दुसरे गृहस्थ घरी आले. दोन्ही जुन्या काढा, दोन्ही नव्या घाला, इनिशिअलाइज करा, म्हणजे सगळं कोरं करून नव्याने मांडा, झालं! आणि आतला डेटा? "रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?" अहो, आमचं रेड म्हणजे दोन डिस्कवर तेच ठेवणारा आरसा. आरशात दोन प्रती दिसतात, पण एकीतून पुसलं की दुसरीतूनही त्याच क्षणी जातं. ज्याचा हा धंदा आहे त्याला हे माहीत नसावं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र विक्रीचं बोललाच नाहीत. आधी जुन्या डिस्कची तब्येत तपासलीत आणि एकीतले पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दाखवलेत. एक डिस्क काढली की रीबिल्ड होईपर्यंत सगळा भार उरलेल्या एकीवर, आणि ती हीच निघाली तर? "आधी बाहेर कॉपी करून आणा, मग डिस्क देतो." हातातलं गिऱ्हाईक परत पाठवलंत तुम्ही.

कॉपी घेऊन आलो, तर म्हणालात, "नुसती फाईल दिसून भागत नाही, वाजवून बघू." कुठलीतरी एक उघडलीत. आधी खरखर, मग टाळ जुळवल्याचा आवाज, आणि बाबा: "पेटीवाले, काळी दोन द्या."

दादा, तपासणी तिथेच झाली होती. बंद करायला तुमचा हात माऊसवर गेलाही होता. माझ्याकडे बघून तो तुम्ही मागे घेतलात. पंखा बंद केलात, मुलाला म्हणालात, "त्या साहेबांना बस म्हण जरा," आणि अख्खा अभंग होऊ दिलात. शनिवारची संध्याकाळ, दारात गर्दी, बाहेर हॉर्न. कुणी काही विचारलं नाही, तुम्हीही नाही.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालं. एक डिस्क बदलली, रीबिल्ड पूर्ण होऊ दिलं, मगच दुसरी. दोन्ही झाल्यावर व्हॉल्यूम, म्हणजे साठवायची जागा, वाढवला. ८ टीबीचे ७.२ दिसले तेव्हा घाबरलो नाही, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. काढलेल्या डिस्कवर तुम्ही मार्करने लिहिलेलं "पुसू नका" तसंच आहे.

मालाची किंमत सगळेच सांगतात. समोरच्या माणसाचं त्यात काय अडकलंय हे ओळखणारी माणसं या शहरात आहेत, आणि ती गल्ल्यावर बसून रोजचा व्यवहारही चोख करतात, हे मी तुमच्याकडे पाहिलं. मुंबईत कुणाला कुणासाठी वेळ नसतो असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालणार आहे.

मंडळातल्या एका काकांकडे आणखी पिशवीभर कॅसेट निघाल्यात. सगळ्या भरून घेतोय. तुमचे उपकार आहेत, दादा.