सतरा मतांचे बडोदे

महोदय,

गुजरातचा मतदार मुळातच एका पक्षाला बांधलेला आहे, असे महाराष्ट्रात सर्रास लिहिले-बोलले जाते. गेली पन्नास वर्षे बडोद्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ते पटत नाही. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत येथून काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड अवघ्या 17 मतांनी निवडून आले होते. 2014 मध्ये याच मतदारसंघात नरेंद्र मोदी यांचे मताधिक्य 5 लाख 70 हजारांवर गेले. अठरा वर्षांत माणसांचा स्वभाव बदलत नसतो.

काँग्रेसचे मुख्यमंत्री माधवसिंह सोळंकी यांनी क्षत्रिय, दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांची मोट बांधून 1985 मध्ये विधानसभेच्या 182 पैकी 149 जागा जिंकल्या, परंतु शेती आणि सहकारी संस्थांवर पकड असलेला पाटीदार समाज त्या मोटीबाहेर राहिला आणि राखीव जागांविरोधी आंदोलनानंतर तो काँग्रेसपासून दुरावला. 1990 मध्ये जनता दलाला 70, भाजपला 67 आणि काँग्रेसला 33 जागा होत्या, म्हणजे लढत खरोखर तिरंगी होती. पुढे जनता दलाचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल आपला गट घेऊन काँग्रेसमध्ये गेले आणि काँग्रेसविरोधी मतदाराला भाजपखेरीज दुसरे दार उरले नाही. ही घटना मला अयोध्या आंदोलनाइतकीच निर्णायक वाटते. 1995 मध्ये भाजपला 121 जागा मिळाल्या.

तरीही 2002 ते 2017 या काळात काँग्रेसची मते 40 टक्क्यांच्या आसपास टिकून होती आणि त्या वर्षी तर लढत 99 विरुद्ध 77 इतकी अटीतटीची झाली. त्यानंतर मात्र काँग्रेसचे आमदार एकामागून एक पक्ष सोडून गेले. पूर्वी आमच्या मतदान केंद्रापासून 200 मीटरवर दोन टेबले लागत. दोन्हीकडे मतदारयादी, दोन्हीकडे ओळखीचे चेहरे, आणि यादीत नाव सापडले नाही तर दोन्हीकडचे कार्यकर्ते धावपळ करीत. 2022 मध्ये तेथे एकच टेबल होते. त्या निवडणुकीत काँग्रेस 17 जागांवर आली, आम आदमी पक्षाने सुमारे 13 टक्के मते घेतली आणि भाजप 156 वर पोहोचला.

म्हणून मतदार बदलला असे म्हणण्याआधी त्याच्या दारी येणारा दुसरा कार्यकर्ता कधी नाहीसा झाला, हे तपासले पाहिजे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच सह्या आपल्या नसल्याचे सांगितल्याने अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि तेथे मतदानच झाले नाही.

— एक वाचक, बडोदे